क्रूझवर चढण्याआधी मुंबईत खायचं कुठे? विदर्भातल्या गावांकडून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचं तिकीट हातात आलं, की गावात पहिल्यांदा कपड्यांची चर्चा होते आणि शेवटी जेवणाची. खरं तर उलट व्हायला हवं. वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, मलकापूर अशा स्टेशनांवरून रात्रभर प्रवास करून उतरलेल्या माणसाचा जहाजाआधीचा अर्धा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा पोटामुळेच. खालची माहिती बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून निघणाऱ्या प्रवाशांसाठी आहे.

गाडी सकाळी पोहोचते, जहाज संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात जेवण कसं बसवायचं?

उलटा हिशेब करा. जहाज सुटायची वेळ ही तुमच्या कामाची वेळ नाही, चेक-इन बंद व्हायची वेळ कामाची. ती सुटण्याच्या बरीच आधी असते आणि तिकिटावर छापलेली असते. त्या वेळेच्या दोन तास आधी टर्मिनलच्या दारात असायचं, असं ठरवा. समजा चेक-इन साडेतीनला बंद होणार, तर दीडला दारात. म्हणजे जेवणाच्या टेबलावर साडेअकरा-बाराला बसलं पाहिजे. फोर्ट भागात एक ते दोन ही ऑफिसवाल्यांच्या जेवणाची वेळ. तेव्हा गेलात तर जेवायला वीस मिनिटं आणि जागा मिळायला चाळीस, असा प्रकार होतो.

विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावती एक्सप्रेस सकाळी लवकर सीएसएमटीला लागतात, त्यामुळे नाश्ता आणि हलकं जेवण दोन्ही जमतं. सेवाग्राम एक्सप्रेस दुपारच्या सुमारास येते. तिने येणाऱ्यांनी मुंबईत बसून जेवायचा बेतच करू नये. गाडी तासभर उशिरा आली तरी सगळं गणित कोसळतं. शक्य असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

आमचं स्पष्ट मत असं, की जहाजाआधीचं खरं जेवण म्हणजे सकाळचा नाश्ता. दुपारी दोन घास कमी खाल्ले तरी चालतं, कारण जहाजावर चढल्यावर जेवण असतंच आणि त्याचे पैसे बहुतेक तिकिटातच भरलेले असतात. मोठं, हात धुऊन मागे लागायचं जेवण परतीच्या दिवसासाठी ठेवा.

बंदराजवळच खायला भेटते का, का दूर जावं लागते?

टर्मिनल सीएसएमटीपासून दीडेक किलोमीटरवर आहे, पण बंदराच्या अगदी बाहेर एसटी स्टँडसारखी टपऱ्यांची रांग असेल ही अपेक्षा सोडा. शेजारचं बॅलार्ड इस्टेट हा शंभर वर्षांपूर्वी आखलेला दगडी इमारतींचा ऑफिसचा भाग. रुंद, शांत रस्ते, खाण्याची ठिकाणं मोजकी. खरी दाटी आहे ती सीएसएमटीसमोर आणि फोर्टच्या गल्ल्यांत. म्हणून स्टेशनजवळ खा आणि मग टॅक्सीने बंदरावर जा. बंदरावर पोहोचून हॉटेल शोधू नका. चेक-इन झाल्यावर खाण्यासाठी परत बाहेर येता येत नाही.

दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. इतकं जवळचं भाडं काही टॅक्सीवाले नाकारतात, तर काही पाचपट सांगतात. मीटरने येणारी दुसरी टॅक्सी पाहा. आणि 'जहाजावर जायचं' एवढंच सांगू नका, नाहीतर तो भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेला नेऊन सोडेल. तिथूनही बोटी सुटतात, पण त्या मांडव्याच्या आणि घारापुरीच्या. 'बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल' असं म्हणा आणि तिकिटावर गेटचं नाव असेल तर तेही दाखवा.

सकाळी उतरल्यावर नाश्ता कुठे करायचा?

सीएसएमटीच्या समोरच. रस्ता भुयारी मार्गाने ओलांडा, वरून पळत ओलांडू नका.

पंचम पुरीवाला हे जुनं नाव. पुरी आणि बटाट्याची भाजी, साधं आणि गरम. रात्रभर गाडीत बसलेल्या पोटाला बरं पडतं, फक्त पुऱ्यांवर पुऱ्या मागवू नका. जागा अरुंद आहे, सामान घेऊन जाऊ नका.

आराम हे मराठी पदार्थांचं ठिकाण: वडापाव, मिसळ, थालीपीठ, पियूष. ज्यांना सकाळी ओळखीची चव हवी त्यांनी इथेच जावं. पियूष श्रीखंडाच्या जातीचं गोड, घट्ट पेय आहे. एक ग्लास दोघांत घ्या.

चहा, ब्रून मस्का, आमलेट असा इराणी नाश्ता करायचा तर मरीन लाइन्सकडे, मेट्रो सिनेमाजवळ कयानी अँड कंपनी. १९०४ पासूनचं आहे. ब्रून म्हणजे वरून कडक पाव. दात नाजूक असतील तर बन मस्का मागा. सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा मिनिटं, पण परतीचा वेळही धरा.

दुपारी मासे खायचे आहेत. आम्हाला नदीतलेच माहीत आहेत, समुद्रातले काय मागावेत?

रोहू, कतला, मरळ खाणाऱ्याला पहिल्यांदा सुरमई बरी. मधला मोठा काटा काढला की बाकी मांस मोकळं, रोहूसारखे बारीक काटे शोधत बसावं लागत नाही. पापलेटही सोपं, पण महाग. बांगडा चवीला उग्र आणि वास जास्त. ताजे बोंबील तळले की वरून कुरकुरीत आणि आत इतके मऊ होतात की काहींना ते कच्चेच वाटतात. ते तसेच असतात, परत पाठवू नका.

फोर्टमध्ये प्रदीप गोमंतक भोजनालय साध्या थाळीसाठी, महेश लंच होम मंगळुरी पद्धतीसाठी. थाळीत आमटी, भात, तळलेली तुकडी आणि सोलकढी येते. सोलकढी कोकम आणि नारळाच्या दुधाची असते. मठ्ठा समजून एका दमात पिऊ नका, पण सोडूही नका. अख्खा मासा मागवला, तर मेनूवर दराच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असतं. तळायला टाकण्याआधी मासा पाहा, भाव विचारा आणि मगच हो म्हणा. बिलावरून भांडणं होतात ती नेमकी इथे.

खेकडा किंवा तिसऱ्या, कालवं असे शिंपल्यातले प्रकार आयुष्यात पहिल्यांदा खाणार असाल, तर जहाजावर चढायच्या दिवशी नको. शिंपल्या-खेकड्यांची अ‍ॅलर्जी आहे की नाही हे बहुतेकांना खाल्ल्यावरच कळतं, आणि ती कळायची जागा समुद्राच्या मधोमध नसावी.

बॅलार्ड इस्टेटमध्येच ब्रिटानिया अँड कंपनी आहे, १९२३ सालचं पारशी-इराणी हॉटेल. बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. भातावर पसरलेली बारीक लाल, आंबट फळं म्हणजे झेरेश्क, ती इराणकडची. टर्मिनलच्या सर्वांत जवळचं नावाजलेलं ठिकाण हेच. पण ते दुपारच्या जेवणाचं हॉटेल आहे, दार उघडायच्या सुमारास पोहोचलात तरच वेळेत बाहेर पडाल. पुलाव भरपूर येतो, दोघांत एक पुरतो.

आमच्यात माळकरी आहेत. जिथे मांस शिजते तिथे पाणीही पीत नाहीत.

मग इराणी आणि पारशी हॉटेलं सगळी वगळा. बन मस्क्याचं ठीक, पण त्याच स्वयंपाकघरात खिमा असतो आणि मावा केकमध्ये अंडं असतं. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' आहे का ते पाहा. नुसतं 'व्हेज' वाचून आत जाऊ नका, 'व्हेज-नॉनव्हेज' मधला दुसरा शब्द कधी कधी बारीक अक्षरात असतो. फोर्टमधली उडपी हॉटेलं सोयीची आहेत: इडली, डोसा, राइस प्लेट, लवकर येणारं आणि पचणारं. खाली साधा हॉल आणि वर एसी असेल, तर दर वेगळे असतात. बसण्याआधी विचारा.

काळबादेवीत श्री ठाकर भोजनालय आहे, १९४५ पासूनचं, गुजराती थाळीचं. वाढपी थांबतच नाही. उत्तम आहे, पण जहाजाच्या दिवशी नको, कारण अशी थाळी पोटभर खाऊन वर डुलत्या जहाजावर चढणं म्हणजे स्वतःहून त्रास मागून घेणं. गुजराती डाळीत गूळ असतो, मधुमेह असलेल्यांनी आधीच हात राखावा.

भाकर आणि तर्री भेटते का?

भाकर मिळते, पण फोर्टमध्ये शोधून. मालवणी-गोमंतकी ठिकाणी तांदळाची भाकरी असते, ज्वारीची नाही. ज्वारीच्या भाकरीचा हट्ट असेल तर ती घरूनच घ्या. तर्री पोह्यांचं नाव काढू नका. मुंबईचे पोहे कोरडे, वर ओलं खोबरं, आणि चण्याचा रस्सा सोबत येत नाही. मिसळीत 'तिखट रस्सा वेगळा द्या' म्हटलं तर देतात. तरीही ती नागपूर-वर्ध्याकडच्या हिशेबाने फिकीच लागेल. झणझणीत सावजीची सवय असलेल्यांनी ठेच्याची छोटी डबी जवळ ठेवली, की अर्धी तक्रार मिटते.

घरून डबा नेला तर?

गाडीपुरता न्या, जहाजापुरता नको. जहाजावर बाहेरचं खाणं-पिणं सहसा नेऊ देत नाहीत, लहान बाळाच्या खाण्याची सवलत असते. तुमच्या तिकिटासोबतचे नियम वाचा आणि बाळाचं खाणं असेल तर आधी कळवून ठेवा.

रात्रीच्या गाडीसाठी तिखट पुऱ्या, धपाटे, दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हे चांगलं टिकतं. फोडणीचं वरण, वांग्याचं भरीत, दही घातलेलं काहीही मे महिन्यात सकाळपर्यंत आंबतं, कारण डबा गरम असताना झाकण लावलेलं असतं आणि वाफ आतच राहते. पुऱ्या पूर्ण गार होऊ द्या, मग कागदात गुंडाळा. शेगावला कचोरी घ्यायची तर गाडीतच संपवा. सकाळी मुंबईत गार कचोरी खाऊन वर गोड चहा प्यायला, की दुपारपर्यंत जळजळ पुरते.

कांदा कापायचा चाकू, काडीपेटी, लायटर, इलेक्ट्रिक किटली डब्याच्या पिशवीत चुकूनही राहू देऊ नका. टर्मिनलवर सामान एक्स-रेतून जातं आणि या वस्तू काढून घेतात. ट्रेनमधल्या उरलेल्या खाण्याची पिशवी मुंबईतच रिकामी करा.

सामान घेऊन हॉटेलात कसं जायचं?

जाऊ नका. सीएसएमटीवर क्लोकरूम आहे. बॅगेला कुलूप हवं आणि सोबत रेल्वेचं तिकीट हवं, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. गावाकडे दोरीने बांधलेली पेटी किंवा गाठोडं आणलं तर इथे अडतं. सकाळी उतरल्याबरोबर कुलूप विकत घेण्यात अर्धा तास जातो, म्हणून घरूनच लावून या. पावती सगळ्यांत जबाबदार माणसाकडे द्या. औषधं, तिकीट, आधार कार्ड आणि पैसे मात्र अंगावरच्या पिशवीत.

तोंड धुणं आणि शौचालय स्टेशनच्या प्रतीक्षालयातच उरका. फोर्टच्या लहान हॉटेलांत शौचालय असेलच असं नाही.

रविवारी जहाज आहे. काही फरक पडतो का?

खूप पडतो. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट ऑफिसवाल्यांवर चालतं. रविवारी आणि सरकारी सुट्टीला निम्म्या गल्ल्या ओस असतात. ब्रिटानियाला रविवारी सुट्टी असते, कितीतरी लंच होमही बंद असतात. उलट काळबादेवी, क्रॉफर्ड मार्केट, दादर या बाजूंना रविवारीही वर्दळ असते. रविवारी निघणाऱ्यांनी एकाच हॉटेलावर भिस्त ठेवू नये. पहिलं बंद असलं तर दुसरं, तेही चालत पाच मिनिटांत, असं आधीच कागदावर लिहून ठेवा.

मोबाईलवर चांगलं हॉटेल कसं ओळखायचं? सगळ्यांनाच चार-साडेचार तारे दिसतात.

तारे पाहू नका, तारखा पाहा. नकाशावर हॉटेल उघडा, अभिप्राय 'नवीन आधी' असे लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले दहा वाचा. एकच तक्रार तीनदा आली (उशीर, शिळं तेल, बिलात घोळ) तर ती खरी समजा. 'खूप छान' एवढंच लिहिलेले पाच तारे बाजूला ठेवा. फोटोंत मेनूकार्डाचा ताजा फोटो शोधा, त्यावर दर कळतात. 'गर्दीची वेळ' दाखवणारा आलेख असतो, त्यात तुमच्या तासाचा खांब उंच असेल तर अर्धा तास आधी जा.

मग फोन करा. 'आज उघडं आहे का, किती वाजता सुरू होतं, आठ जणांना जागा होईल का?' तीन प्रश्न पुरतात. नकाशावरची वेळ सणासुदीला हमखास चुकते. हा सगळा उद्योग गावी, वायफाय किंवा चांगलं नेटवर्क असताना करा आणि दक्षिण मुंबईचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

एक सावधगिरी. 'एका थाळीवर दोन थाळ्या मोफत' अशा जाहिरातींत नामांकित हॉटेलांची नावं वापरून लोकांना लुबाडलं गेलं आहे. बुकिंगसाठी दहा रुपये भरा, कार्डाचा नंबर द्या, ओटीपी सांगा असं कोणी म्हटलं, की फोन ठेवा. साध्या भोजनालयात जागेसाठी ओटीपी लागत नाही.

मोबाईल जमत नाही. नुसतं बाहेरून पाहून कळतं का?

बऱ्यापैकी. साडेबाराला फोर्टमध्ये उभं राहून पाहा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली माणसं कुठे शिरतात. रोज जेवणारा माणूस रोज पोट बिघडवून घेत नाही. ताटं भराभर उठतात का पाहा, उठत असतील तर अन्न पडून राहत नाही. मेनू छोटा असेल तर चांगलं. डोसा, चायनीज, पंजाबी, पिझ्झा सगळं एकाच पाटीवर असेल तर पुढे चला. काउंटरजवळ अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना लावलेला असला पाहिजे, तो बिलावरही येतो.

बँकेच्या दारातल्या वॉचमनला विचारा, 'काका, तुम्ही कुठे जेवता?' 'इथे चांगलं हॉटेल कुठे आहे?' असं विचारलंत तर तो महागातलं सांगेल.

जहाजावर चढण्याआधी काय खाऊ नये?

पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, उघड्यावरची ओली चटणी. कारण तेलकटपणा नाही, पाणी आणि बर्फ आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. सरबतवाल्याच्या खोक्यात निळसर लादी दिसली तर तिथे काहीच घेऊ नका, पांढरी दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नका. जहाजावर चढताना जुलाब-उलट्यांबद्दल विचारतात, कारण बंद जागेत पोटाचा संसर्ग भराभर पसरतो. त्रास असेल तर थांबवूनही ठेवू शकतात. म्हणजे वीस रुपयांच्या पाणीपुरीपायी अख्खं तिकीट धोक्यात.

वडापाव चालतो, पण समोर कढईतून निघालेला.

समुद्र लागतो म्हणतात. मग उपाशीच चढावं का?

उपाशी नको. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, ठासून भरलेल्या पोटीही वाढते. निघण्याच्या दोन-तीन तास आधी इडली, दहीभात, वरणभात, टोस्ट असं काही अर्धं पोट भरून खा. तळकट, खूप तिखट आणि दारू टाळा. उलटीवरची गोळी घ्यायची तर ती मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यावी लागते. कोणती आणि किती, हे गावच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, विशेषतः बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर. बहुतेक गोळ्यांनी झोप येते.

एकादशीला निघालो तर?

आराममध्ये किंवा दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा-खिचडी मिळते. कडक उपास असेल तर वडा कोणत्या तेलात तळला ते विचारा. बटाटेवड्याच्याच कढईत तळलेला असू शकतो. खिचडी सुरक्षित.

गाडी दादरला थांबते. तिथेच उतरून खाल्लं तर?

आदल्या दिवशी आलात तर जरूर. शिवाजी पार्क-गोखले रोडच्या बाजूला आस्वाद आणि प्रकाश आहेत. आस्वादच्या मिसळीची २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून निवड झाली होती. माटुंग्याला मध्य रेल्वे स्टेशनजवळ रामा नायक यांचं १९४२ सालचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. केळीच्या पानावरचं दाक्षिणात्य जेवण, नेटकं आणि पोटाला हलकं. पण जहाजाच्याच दिवशी सामानासकट दादरला उतरून लोकलने सीएसएमटी गाठायचं म्हणाल, तर सकाळच्या लोकलमध्ये बॅगेसह शिरून दाखवा.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला. द्यायचाच का?

नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की हॉटेलने तो परस्पर बिलात घालायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे उचलून धरलं. शांतपणे 'हा काढा' म्हणा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी मात्र वेगळा, साध्या हॉटेलात तो पाच टक्के असतो आणि द्यावा लागतो. टेबलावर न मागता बाटलीबंद पाणी ठेवलं तर परत करा आणि साधं पाणी मागा, नाहीतर जहाजाआधीच्या धास्तीपोटी सीलबंद बाटली स्वतः दुकानातून आणा.

आम्ही वीस जण आहोत, त्यात सत्तरीच्या आया-बाबा.

वीस जणांनी एका हॉटेलात घुसू नका. फोर्टमधली ठिकाणं चार-चार माणसांच्या टेबलांची, अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं. पाच-पाचचे चार गट करा, प्रत्येक गटात एक तरुण, एक मोबाईल आणि हजार-दोन हजार रोख. यूपीआय ऐनवेळी अडकतं. सगळ्यांनी क्लोकरूमपाशी किती वाजता जमायचं ते आधी ठरवा. म्हाताऱ्यांचा गट सीएसएमटीसमोरच खाईल असं पाहा, कारण मुंबईत 'इथेच पाच मिनिटं' म्हणजे दोन सिग्नल आणि एक भुयारी जिना.

खर्रा भेटते का तिकडे?

नाही, आणि शोधूही नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि सुगंधी तंबाखूवरही आहे. जहाजाच्या डेकवर थुंकायलाही जागा नाही.

परतीच्या दिवशी काय खावं?

इथे हात सैल सोडा. जहाज सकाळी लागलं, तर विदर्भाकडच्या गाड्या संध्याकाळच्या असल्याने दिवस मोकळा मिळतो. फक्त सेवाग्राम एक्सप्रेस दुपारी निघते, तिच्या प्रवाशांनी फोर्टच्या बाहेर जाऊ नये. बाकीच्यांनी सामान परत क्लोकरूमला टाकावं, जहाजाआधी टाळलेली ठाकरची थाळी किंवा मासे आता खावेत. दुपार उतरताना क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा, १९०५ पासूनचं दुकान. मग गाडीसाठी काही बांधून घ्या. मावा केक दोन दिवसांत खाऊन टाका. खारी आठवडाभर टिकते, पण खोक्यातच न्या आणि वरच्या बर्थवर ठेवा. पिशवीत घेतलेल्या खारीचा कसाऱ्यापर्यंत चुरा होतो.